हलत्या चंबूतील जिवाणू

दुधाला विरजण लावले की घरातील वडीलधारी माणसे बजावतात, "भांडे आता हलवू नका, दही मोडेल." दह्याच्या जिवाणूंना हवेची फारशी गरज नसते. दुधातील साखरेचे आम्ल करीत ते झाकलेल्या भांड्यात, अंधारात, सुखाने वाढतात. आता एखाद्या औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेत डोकावून पाहा. तेथे निराळाच प्रकार दिसेल. एका उबदार पेटीत एक फळी, आपण चाळणीने पीठ चाळतो ना, तशी गोल गोल हिंदकळत असते. मिनिटाला दोनशे फेरे. तिच्यावर चिमट्यांत घट्ट बसविलेले काचेचे तीस-चाळीस शंकूच्या आकाराचे चंबू असतात. त्यांच्या तोंडात कापसाचे बोळे, आणि प्रत्येकाच्या तळाशी थोडासा गढूळ द्रव फिरत असतो. या यंत्राला शेकर म्हणतात. ते रात्रंदिवस चालते. येथेही जिवाणूंचीच वाढ चालू आहे. मग दह्याला जे वर्ज्य, ते येथे आवश्यक का? आणि चंबू नुसता हलविला म्हणजे काम भागले का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांना ठाऊक असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र "नाही" असे आहे, आणि ते ध्यानात न घेतल्याने पुढे फार मोठे नुकसान होऊ शकते. त्या उत्तराचाच येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम हा खटाटोप कशासाठी ते पाहू. आपल्या आतड्यात राहणारा एक जिवाणू थिओडोर एश्चेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली शोधून काढला. त्याचेच नाव आज एश्चेरिशिया कोलाय असे आहे. प्रयोगशाळेत त्याला थोडक्यात ई. कोलाय म्हणतात. चांगले अन्न आणि ३७ अंश सेल्सिअस उष्णता मिळाली तर वीस मिनिटांत याच्या एकाचे दोन होतात. १९७८ साली अमेरिकेत या जिवाणूकडून मानवी इन्शुलिन तयार करवून घेण्यात आले, आणि १९८२ साली ते मधुमेहावरील औषध म्हणून तेथे मान्य झाले. तेव्हापासून कितीतरी औषधी प्रथिने आणि उद्योगात लागणारी विकरे अशा जिवाणूंकडून बनवून घेतली जात आहेत.

पण जिवाणू काही एकदम हजारो लिटरच्या टाकीत सोडता येत नाही. शेतकरी जसा चार ठिकाणचे बियाणे आणून थोड्या थोड्या जागेत पेरून पाहतो आणि मग एक वाण पसंत करतो, तसेच येथेही करावे लागते. कोणता वाण जास्त प्रथिन देतो, त्याला साखर किती घालावी, उष्णता किती ठेवावी, हे सारे अगोदर लहान प्रमाणावर ताडून पाहावयाचे. त्यासाठी चंबूसारखे सोयीचे साधन नाही. तो स्वस्त, सुटसुटीत, आणि एका शेकरवर चाळीस-चाळीस बसतात. म्हणजे चंबू ही उमेदवारांची पहिली परीक्षा झाली. आता बघा, परीक्षाच सदोष असेल तर? हुशार उमेदवार नापास व्हावयाचा, भलताच पास व्हावयाचा. आणि हे कळावयाचे केव्हा? तर सहा महिन्यांनी, मोठ्या टाकीत पैसा आणि श्रम ओतून झाल्यावर.

हलत्या चंबूची ही रीत तशी जुनी आहे. १९३३ साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथे क्लॉयव्हर आणि पर्क्विन या शास्त्रज्ञांनी बुरशीच्या अभ्यासासाठी ती प्रसिद्ध केली. त्यापूर्वी बुरशी स्थिर द्रवावर सायीसारखी वाढू देत. त्यात अडचण अशी, की सायीच्या वरच्या थराला हवा मिळे पण अन्न पोचत नसे, आणि खालच्या थराला अन्न मिळे पण हवा पोचत नसे. द्रव हलता ठेवला तर सर्वांना दोन्ही गोष्टी सारख्या मिळतात, हे त्यांनी दाखविले. अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली सापडलेले पेनिसिलिन ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी १९४० च्या सुमारास काढले ते अशा सायीच्या पद्धतीनेच. भांडी पुरेनात म्हणून रुग्णालयातील शौचपात्रेसुद्धा त्यांनी त्या कामी लावली. पुढे युद्धकाळात अमेरिकेत टाक्यांमध्ये हवा खेळवून, द्रवाच्या पोटात बुरशी वाढविण्याची पद्धत सिद्ध झाली आणि मग कोठे पेनिसिलिन सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला तो याच पद्धतीवर. टाकी कितीही मोठी असो, तिच्यात सोडावयाचे विरजण प्रथम वाढते ते हलत्या चंबूतच.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. चंबूत वाढणाऱ्या जिवाणूला सर्वांत आधी काय कमी पडते? तुम्ही म्हणाल, अन्न. तसे नाही. अन्न आपण पाहिजे तेवढे घालू शकतो. एक लिटर पाण्यात ग्लुकोज कित्येकशे ग्रॅम विरघळते. कमी पडतो तो प्राणवायू. ३७ अंशांवर एक लिटर पाण्यात हवेतील प्राणवायू विरघळून विरघळणार किती, तर सहा-सात मिलिग्रॅम! त्याहून अधिक मावतच नाही.

जरा हिशेब करून पाहू. समजा, लिटरमागे १० ग्रॅम ग्लुकोज घातले. त्यातील साधारण निम्मे जिवाणूच्या शरीरबांधणीत जाते आणि उरलेले शक्तीसाठी जळते. या जळणाला सुमारे चार-साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो. म्हणजे द्रवात एका वेळी मावतो त्याच्या सहाशे पटींहून अधिक. घरात एक घागर पाणी आणि दिवसाचा खर्च सहाशे घागरींचा, अशी ही स्थिती. असे घर चालावयाचे तर नळ अखंड वाहता पाहिजे. चंबू हलवावयाचा तो या नळासाठी. जिवाणूंची संख्या वाढत जाते तसा खर्चही वाढतो, आणि एक वेळ अशी येते की नळ पुरा सोडूनही घागर रिकामीच राहते. तेथून पुढे ते जिवाणू गुदमरलेल्या अवस्थेत जगत असतात. वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. शेकर फिरतो आहे, द्रव गढूळ होतो आहे. सारे ठीक आहे असेच वाटते.

मग नळ मोठा कसा करावयाचा? चहा लवकर निवावा म्हणून आपण तो बशीत ओततो. तेवढ्याच चहाला हवा लागण्यास जागा जास्त मिळते. चंबूचेही तसेच आहे. २५० मिलिलिटरच्या चंबूत १०० मिलिलिटर द्रव भरला तर तो खोल राहतो. २५ मिलिलिटरच भरला तर पातळ पसरतो. शिवाय फिरताना द्रवाचा एक झिरझिरीत थर काचेच्या भिंतीला चिकटून राहतो. ताकाची वाटी गोल फिरविली की कडेला पांढरा थर दिसतो, तसाच. हा थर हवेतील प्राणवायू चटकन शोषून घेतो आणि पुढच्या फेऱ्यात तो मुख्य द्रवात मिसळतो. प्राणवायूचा पुष्कळसा पुरवठा या थराच्या वाटेने होतो. म्हणून पहिला नियम असा, की चंबूच्या आकारमानाच्या एकदशांश ते एकपंचमांश एवढाच द्रव भरावा. जास्त माल हवा असेल तर चंबू वाढवावेत, चंबूतला द्रव वाढवू नये. काटकसर म्हणून अर्धा चंबू भरण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आढळते. ती काटकसर नव्हे.

दुसरी गोष्ट वेगाची. फेरे वाढविले की पुरवठा वाढतो हे खरे. पण नुसता फेऱ्यांचा आकडा सांगून भागत नाही. फळी ज्या वर्तुळात फिरते त्याचा व्यास काही यंत्रांत २५ मिलिमीटर असतो, काहींत ५०. दोन्ही यंत्रे मिनिटाला दोनशे फेरे घेत असली तरी त्यांतील जिवाणूंना मिळणारी हवा सारखी नसते. सामान्यतः मोठ्या व्यासाच्या यंत्रात ती अधिक मिळते. काही चंबूंच्या तळाला आत खोचा पाडलेल्या असतात. त्यांच्यावर द्रव आपटून रवीने ताक घुसळावे तसा घुसळला जातो आणि हवा भरपूर मिळते. पण त्यांचा तोटाही आहे. द्रव उडून बोळा भिजतो, फेस होतो, आणि हाताने पाडलेल्या खोचा प्रत्येक चंबूत सारख्याच असतील असे नाही. परीक्षेला बसलेल्या चाळीस उमेदवारांना चाळीस प्रकारचे कागद दिल्यासारखे ते होते. तेव्हा तुलना करावयाची असेल तर साधा चंबू, कमी द्रव आणि पुरेसा वेग हाच मार्ग बरा.

तिसरी गोष्ट बोळ्याची. हिच्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. वरच्याच चंबूत २२५ मिलिलिटर हवा राहते. तिच्यातील प्राणवायू सुमारे ६० मिलिग्रॅम. आणि त्या २५ मिलिलिटर द्रवातील साखर जाळण्यास लागतो शंभराच्या वर. म्हणजे चंबूतील सगळी हवा संपली तरी पुरत नाही. बोळ्यातून बाहेरची हवा आत आलीच पाहिजे. बोळा फार घट्ट बसविला, किंवा द्रव उडून तो भिजला, की श्वासाची वाट अरुंद होते. वरून धातूचा पातळ कागद घट्ट गुंडाळण्याची चालही या दृष्टीने घातकच. उलट बोळा फार सैल असेल तर बाहेरचे जंतू आत शिरण्याचे भय वाढते, आणि दोन-तीन दिवसांच्या प्रयोगात पाणी उडून जाऊन द्रव दाट होतो तो वेगळाच. यावर उपाय सोपा आहे. प्रयोगाच्या आधी आणि नंतर चंबू तराजूवर तोलावा. किती पाणी उडाले ते लगेच समजते.

चौथी गोष्ट. नमुना काढण्यासाठी आपण शेकर थांबवितो, चंबू काढतो, टेबलावर ठेवतो, वहीत काहीतरी लिहितो. दाट वाढलेल्या जिवाणूंना द्रवातील प्राणवायू संपविण्यास तेवढ्यात एक मिनिटसुद्धा लागत नाही. पाच मिनिटे थांबलेला शेकर म्हणजे त्यांच्या दृष्टीने पाच मिनिटे दाबून धरलेले नाक. अशा धक्क्याने जिवाणूच्या शरीरातील व्यवहार बदलतात, आणि मग आपण मोजतो ते भलतेच. म्हणून सर्व तयारी आधी करून ठेवावी आणि शेकर थांबवावा तो अगदी थोडा वेळ. किंवा नमुन्यांसाठी स्वतंत्र चंबू ठेवावेत आणि ते एकेक करून कायमचे काढून घ्यावेत.

येथवर हवेचा विचार झाला. आता अन्नाचा. चुलीत एकदम लाकडे कोंबली की जाळ होत नाही, धूर होतो. ई. कोलायचे तसेच आहे. समोर ग्लुकोजचा ढीग दिसला की तो पूर्ण जाळता येईल त्याहून जास्त वेगाने खातो, आणि अर्धवट जळालेला भाग ॲसेटिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतो. आपल्या व्हिनेगारमधले जे आम्ल तेच हे. आश्चर्य असे, की हवा भरपूर असली तरी हे घडते. हवा कमी असेल तर त्यात आणखी दुसऱ्या आम्लांची भर पडते. द्रव आंबट होतो आणि अखेर जिवाणूची वाढच खुंटते. मोठ्या टाकीत आंबटपणा मोजून त्यावर क्षार सोडणारी यंत्रणा असते. चंबूला तसे कोणी नाही. म्हणून द्रवात आंबटपणा सोसणारे क्षार, म्हणजे बफर, पुरेसे घालावे लागतात. पण हा झाला धूर पुसण्याचा उपाय. धूरच होऊ नये यासाठी लाकडे थोडी थोडी सारली पाहिजेत.

ही युक्ती कारखानदारांना पहिल्या महायुद्धाच्या सुमारासच समजली होती. पावासाठी लागणारे यीस्ट करताना साखरेचे पाणी एकदम न घालता हळूहळू सोडावयाचे, म्हणजे दारू न होता यीस्ट वाढते, हे त्यांनी ओळखले. मोठ्या टाक्यांत आजही असेच खाऊ घालतात. अडचण होती ती चंबूची. फिरत्या चाळीस चंबूंना नळ्या आणि पंप कोण जोडणार? म्हणून चंबूत सगळी साखर सुरुवातीलाच घालीत आले. म्हणजे परीक्षा होते मेजवानीत आणि नोकरी मात्र मोजक्या शिध्यावर!

ही विसंगती दूर करण्याचे काही सुरेख मार्ग अलीकडे निघाले आहेत. जर्मनीतील आखेन येथील संशोधकांनी २००६ साली सिलिकोनच्या लहान चकत्या पुढे आणल्या. त्यांच्या पोटात ग्लुकोजचे कण असतात आणि ते द्रवात सावकाश पाझरतात. फिनलंडमधील औलू येथील संशोधकांनी २००८ साली दुसरी तोड सुचविली. साखरेऐवजी स्टार्च ठेवावयाचा, जो ई. कोलायला थेट खाता येत नाही. आणि त्यात स्टार्चचे तुकडे करणारे विकर अगदी थोडे घालावयाचे. विकर जेवढे कापील तेवढेच ग्लुकोज सुटे होणार. विकराचे प्रमाण म्हणजे जणू अन्नाच्या नळाची तोटीच. अमेरिकेतील स्टुडियर यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेले माध्यमही याच जातीचे आहे. त्यात थोडे ग्लुकोज, जोडीला ग्लिसरॉल आणि लॅक्टोज असते. जिवाणू आधी ग्लुकोज संपवितो. ते संपल्यावर लॅक्टोज आत घेतो आणि त्याच इशाऱ्याने हवे ते प्रथिन बनवू लागतो. मध्यरात्री उठून चंबूत औषध टाकण्याचे काम वाचते, आणि सर्व चंबूंना इशारा आपापल्या वाढीच्या योग्य वेळी मिळतो. या सर्व युक्त्यांतील तत्त्व एकच: जेवढी हवा पुरविता येते तेवढ्याच बेताने अन्न द्यावयाचे. उष्णता ३७ वरून ३० किंवा २५ अंशांवर आणली तरी याच तत्त्वाला मदत होते; जिवाणूची भूक मंदावते, पाण्यात प्राणवायू थोडा जास्त मावतो, आणि पुष्कळदा प्रथिनाची घडीही नीट बसते.

पण आपला चंबू गुदमरतो आहे की नाही, हे ओळखावयाचे कसे? आखेन येथेच २००१ साली अशी यंत्रणा प्रसिद्ध झाली, की जी फिरत्या चंबूतील जिवाणू ताशी किती प्राणवायू घेतात ते आपोआप नोंदविते. ज्यांना ती परवडते त्यांनी घ्यावी. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी एक बिनखर्ची परीक्षा आहे. तीन सारखे चंबू घ्या. त्यांत तेच माध्यम आणि त्याच प्रमाणात तेच विरजण, पण एकात १० मिलिलिटर, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ४०. दर अर्ध्या तासाने कलरीमीटरवर गढूळपणा मोजा. तिन्हींच्या रेषा एकावर एक बसल्या तर हवा पुरेशी आहे असे समजावे. ४० मिलिलिटरची रेषा मागे पडली तर तेथे हवा अपुरी आहे. आणखी एक खूण आहे. मोकळा श्वास घेणारे जिवाणू दामदुपटीने वाढतात. गुदमरलेले ठराविक पगार मिळणाऱ्या माणसाच्या शिलकीसारखे सरळ रेषेत वाढतात, कारण त्यांना दर तासाला ठराविकच प्राणवायू मिळत असतो. शेवटी सामू मोजावा. तो फार उतरला असेल तर धूर झाला हे नक्की.

एवढी काळजी न घेतल्यास काय होते, ते एका कल्पित उदाहरणाने सांगतो. दोन वाण आहेत, 'क' आणि 'ख'. 'क' चपळ आहे, भराभर वाढतो आणि हवा मिळाली तर भरपूर प्रथिन देतो. 'ख' मंद आहे. अर्धा भरलेल्या चंबूत 'क' लवकर वाढतो, म्हणून लवकर गुदमरतो, आम्ल सोडतो आणि अडून बसतो. 'ख'ची गरजच थोडी. त्याला तेवढी हवा पुरते. दुसऱ्या दिवशी मोजमाप केले तर 'ख' सरस ठरतो. त्याची निवड होते, तो टाकीत जातो, आणि हवा भरपूर असलेल्या टाकीत तो आपल्या मंद चालीनेच चालतो. 'क' मात्र शीतपेटीच्या कोपऱ्यात पडून राहतो आणि पुन्हा त्याची आठवण कोणाला होत नाही. येथे चूक वाणाची नव्हती, मोजणाऱ्याच्या हाताचीही नव्हती. प्रश्नपत्रिकाच टाकीच्या कामाची नव्हती. अर्थात याचा अर्थ चंबूत नेहमी हवेचा सुकाळच करावा असा नाही. फार मोठ्या टाकीतही प्राणवायूची ओढाताण असतेच. तात्पर्य इतकेच, की पुढे जी परिस्थिती येणार आहे तिच्याशी मिळतीजुळती परिस्थिती चंबूत ठेवावी, आणि ती समजून-उमजून ठेवावी.

आमच्या महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत महागडी यंत्रे नसतात, अशी तक्रार विद्यार्थी नेहमी करतात. ती रास्त आहे. पण वर सांगितलेल्या उपायांपैकी बहुतेकांना पैसा लागत नाही. द्रव कमी भरणे, बोळा कोरडा ठेवणे, शेकर उगीच न थांबविणे, चंबू तोलणे, सामू मोजणे, यांना फक्त लक्ष लागते. आणि एक सवय अवश्य लावून घ्यावी. प्रयोगाच्या वहीत नुसते "रात्रभर हलविले" असे लिहू नये. चंबू केवढा, त्यात द्रव किती, फेरे किती, फळीच्या वर्तुळाचा व्यास किती, बोळा कसला, उष्णता किती, या सहा गोष्टी तेथे लिहिलेल्या असल्या म्हणजे दुसऱ्या गावच्या माणसाला तोच प्रयोग पुन्हा करून पाहता येतो, आणि त्याला निराळे उत्तर आले तर ते का आले याचाही शोध लागतो.